माठ, कौल आणि गोधडी : रोजच्या वस्तूंतील पर्यावरणस्नेही रचना

रोजच्या वापरातील वस्तूची रचना म्हणजे केवळ तिचा आकार किंवा तिच्यावरची नक्षी नव्हे. वस्तू कशाची करायची, तो माल किती लांबून आणायचा, घडवायला जळण किती लागेल, हातात ती कशी बसेल, मोडली तर कोण दुरुस्त करील आणि अगदीच निकामी झाली तर तिचे काय होईल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे रचनेतच दिलेली असतात. ही उत्तरे देताना निसर्गाकडून कमीत कमी घेतले गेले आणि घेतलेले पुन्हा मातीला पचेल किंवा भट्टीत परत जाईल अशा रूपात राहिले, तर ती रचना पर्यावरणस्नेही ठरते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील जुनी घरे, स्वयंपाकघरे आणि शेतीची साधने यांत अशा रचनेचे नमुने पुष्कळ सापडतात. ते घडवणाऱ्या कुंभार, बुरूड, घोंगड्या विणणारे सणगर, तांबट आणि गवंडी यांच्यापुढे पर्यावरण हा वेगळा विषय नव्हता. त्यांच्यापुढे टंचाई होती : जळणाची, लोखंडाची, वाहतुकीची आणि रोकडीची. हाताशी जे होते त्यातच भागवायचे असल्याने त्यांनी मालाचे गुणदोष बारकाईने ओळखले आणि पुष्कळदा जो दोष वाटतो त्यालाच कामाला लावले. या वस्तूंमधली कल्पकता मुख्यतः इथे आहे.

या कल्पकतेकडे आधुनिक रचनाशास्त्राचे लक्ष वेधणारी एक महत्त्वाची घटना १९५८ सालची. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशात फिरले आणि त्यांनी रचनेच्या शिक्षणाविषयी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी ईम्स यांनी सर्वांत जास्त वाखाणली ती वस्तू म्हणजे लोटा, म्हणजेच मराठी घरातला तांब्या. त्याच्या फुगीर पोटात पाणी भरपूर मावते. गळा आवळलेला असल्याने बोटांची पकड घट्ट बसते आणि चालताना पाणी हिंदकळत नाही. बाहेर वळलेल्या काठामुळे धार नेमकी पडते. तोंड एवढे रुंद ठेवलेले असते की हात आत घालून चिंचेने किंवा राखेने घासता येते. अशी वस्तू कोणा एका कारागिराने एका बैठकीत योजलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी आणि घडवणाऱ्यांच्या दुरुस्त्या साचत जाऊन तिचा आकार ठरतो.

झिरपणारे भांडे

पाणी साठवण्याच्या भांड्यातून पाणी झिरपणे हा एरवी दोषच. माठ मात्र याच दोषावर चालतो. कुंभार माठाच्या मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लिदीतले गवताचे तंतू जळून जातात आणि मातीत असंख्य सूक्ष्म छिद्रे उरतात. आतले पाणी या छिद्रांतून पृष्ठभागावर येते आणि हवेत उडून जाते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. उन्हाळ्यातल्या तापमानाला एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायचे तर त्यातून एक लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी उडाले की तेवढे काम होते. भोवतालच्या हवेतून उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात याहून जास्त पाणी झिरपते, पण विजेचा एकही युनिट खर्ची पडत नाही.

माठाची मर्यादाही याच तत्त्वातून येते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जोरात. मे महिन्यात विदर्भात माठातले पाणी चांगले गार होते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत ते बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच थंड राहते. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत आणि तिवईवर ठेवतात, कारण त्याला सर्व बाजूंनी हवा लागायला हवी. काही घरांत तो ओल्या वाळूच्या थरावर ठेवतात. वाळू ओलावा धरून ठेवते आणि बुडाकडूनही गारवा मिळतो. जुना झालेला माठ पाणी गार करीनासा होतो तो पाण्यातले क्षार छिद्रांत साचून ती बुजल्यामुळे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करणे आणि विदर्भात घरोघरी चालणारा कूलर यांच्यामागेही हेच तत्त्व आहे.

माठाचे तत्त्व पाण्यापुरतेच मर्यादित नाही. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरण्याच्या जुन्या युक्तीचा विजेविना भाजीपाला टिकवण्यासाठी प्रसार केला. त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातमधील वांकानेरचे कुंभार मनसुख प्रजापती यांनी मातीचाच ‘मिट्टीकूल’ नावाचा कपाटवजा फ्रिज बनवला. वरच्या कप्प्यातले पाणी भिंतींतून झिरपते आणि खालच्या कप्प्यातली भाजी, फळे, दूध गार राहते.

पान, बांबू आणि लोकर

पळसाचे पान रुंद, चिवट आणि सुकल्यावरही आकार टिकवणारे असते. अशी पाने एकमेकांवर थोडी चढवून बांबूच्या बारीक चोयांनी टाचली की पत्रावळ होते आणि कडा दुमडून टाचल्या की द्रोण. तिला ना डिंक लागतो ना धातूची टाचणी. जेवण झाल्यावर पत्रावळ गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जाते आणि पुढच्या हंगामात खतात मिसळलेली असते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या, पेले अशा वस्तूंवर बंदी घातली. त्यानंतर पत्रावळींना पुन्हा मागणी आली. सुपारीच्या गळून पडलेल्या झावळीचा चामट बुंधा पाण्यात भिजवून गरम साच्यात दाबला की त्याचीही ताटली होते. त्यातही कोणते रसायन मिसळावे लागत नाही.

बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. त्याची काठी तीन-चार वर्षांत कापायला तयार होते आणि कापल्यावर त्याच बेटातून नवे कोंब येतात. तो उभा सहज चिरला जातो. खांब म्हणून वापरताना हा दोष, पण बुरडाला तोच उपयोगी पडतो, कारण एका कोयत्याने काठीपासून कागदासारख्या पातळ पट्ट्या निघतात. त्यांपासून सूप, रोवळी, टोपली, हारा, डालगे, कणगी अशा कितीतरी वस्तू होतात. सुपाला तीन बाजूंनी काठ आणि चौथी बाजू मोकळी असते. पाखडताना मनगटाच्या एका झटक्याने धान्य वर उडते. जड दाणा मागे काठाकडे पडतो आणि हलके फोलपट मोकळ्या बाजूने बाहेर जाते. विणीच्या फटी बुजवायला सुपाला शेणाचा किंवा कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घातलेल्या मिश्रणाचा लेप देतात. रोवळीत मात्र फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण तिच्यात तांदूळ धुवायचे असतात. माल एकच, विणणाराही एकच. कामाप्रमाणे बदलते ती फक्त वीण. पूर्वी कायद्याने बांबूची गणना झाडांत होत असे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याला तो तोडणे व विकणे सोपे झाले.

एखादी वस्तू कामाच्या हालचालीशी किती नेमकी जुळवलेली असू शकते, हे कोकणातल्या इरल्यात दिसते. भाताची लावणी करणारी व्यक्ती कमरेत वाकलेली असते. एका हातात रोपांची मूठ आणि दुसऱ्या हाताने चिखलात रोप रोवणे चाललेले. छत्री धरायला हात मोकळा नाही आणि वाकलेल्या पाठीला तिचा उपयोगही नाही. इरले डोक्यावर अडकवले की त्याचा फुगीर भाग डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर पसरतो आणि पुढची बाजू मोकळी राहते. बांबूच्या कांब्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पळसाची किंवा सागाची पाने, एवढीच त्याची सामग्री. पाणी उताराने मागे ओघळते आणि पाठ व इरले यांच्यामधून हवा खेळत असल्याने घाम साचत नाही. प्लास्टिकचा कागद स्वस्त आणि हलका असल्याने त्याने इरल्याची जागा घेतली. पण कागद वाऱ्याने उडतो, अंगाला चिकटतो आणि फाटला की शेतातच पडून राहतो.

घाटमाथ्यावर आणि देशावर हेच काम घोंगडी करते. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. तिच्यापासून मऊ कापड होत नाही. तिचा नैसर्गिक काळा रंग असल्यामुळे रंगवण्याची गरज पडत नाही. सणगर सुताला चिंचोक्याची खळ लावून ते खड्ड्याच्या मागावर विणतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही कोरडी भासते आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणून भिजलेली घोंगडीही ऊब देते. मेंढपाळ तिची खोळ करून डोक्यावर घेतो, रात्री ती अंथरतो किंवा पांघरतो आणि बाजारात तिच्यावरच बसतो. आज या राठ लोकरीला गिऱ्हाईक कमी झाल्याने कातरलेली लोकर पुष्कळदा पडून राहते.

झिजल्यानंतरचे आयुष्य

पर्यावरणाच्या दृष्टीने वस्तूचे मोल तिच्या पहिल्या वापरावर ठरत नाही. पहिला वापर संपल्यावर काय होते, हे जास्त महत्त्वाचे. लुगड्याचे याबाबतीतले आयुष्य शिकण्यासारखे आहे. नेसून विरलेले लुगडे गोधडीत जाते. त्याच्या मऊ झालेल्या घड्या एकावर एक ठेवून कडेपासून आत येत जाणारा धावदोरा घातला की थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. नवे कापड यासाठी तितके चांगले नसते, कारण ते ताठ असते. धुऊन धुऊन मऊ पडलेले सूतच अंगाला बसते. जागोजागी ठिगळे लावल्यामुळे गोधडीला, म्हणजे काही भागांतल्या वाकळेला, आपोआप नक्षी येते. गोधडी जीर्ण झाली की तिच्या चिंध्या पोतेरे किंवा चुलीवरून भांडे उतरवण्याचे फडके म्हणून वापरल्या जातात.

धातूच्या भांड्यांची वाट वेगळी. तांबे आणि पितळ कितीही वेळा वितळवता येते. म्हणून जुनी भांडी मोडीत घालून त्यांच्या वजनाची किंमत वळती करून नवी घेण्याचा व्यवहार रूढ झाला. भांडे विकत घेतानाच त्याची मोड किती येईल हे गिऱ्हाइकाला माहीत असे. आंबट पदार्थाने तांबे-पितळ कळकते, त्यावर उपाय कल्हईचा : भांडे तापवून नवसागराने साफ करायचे आणि कथिलाचा पातळ थर आतून फिरवायचा. भांडे न बदलता फक्त त्याचा झिजणारा थर बदलण्याची ही पद्धत आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर दिसणारे ठोक्यांचे गोल ठसे म्हणजे मठारकाम. ते दिसते नक्षीसारखे, पण त्याचे काम पत्रा कणखर करण्याचे आहे. तांबे मुळात मऊ. हातोडीच्या ठोक्यांनी त्याची अंतर्गत स्फटिकरचना दाबली जाते आणि पत्रा पुढे सहज वाकत नाही. त्यामुळे पातळ पत्र्यातही मजबूत भांडे होते आणि धातू वाचतो. पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब हा या आळीतल्या कारागिरीचा आणखी एक नमुना. त्याच्या मधोमध उभी नळी असते. नळीच्या तळाशी जाळीवर विस्तव आणि नळीभोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते. बंबात मात्र धूर वर जाता जाता पूर्ण नळीभर पाण्याला उष्णता देत जातो. त्यामुळे नारळाची सोडणे, काटक्या, लाकडाच्या ढलप्या असल्या किरकोळ जळणावर अंघोळीचे पाणी तापते.

दुरुस्ती सोपी असणे हाही रचनेचाच भाग. बाजेची वीण सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून ती पुन्हा ताणता येते. सगळी बाज उसवावी लागत नाही. कोल्हापुरी चप्पल पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची असते आणि कातड्याच्याच वादीने शिवतात. खिळा नसल्याने ती उसवणे आणि नवा तळ बसवणे सोपे जाते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हवामानाप्रमाणे घर

घर ही रोजच्या वापराची सर्वांत मोठी वस्तू. कोकणात आणि गोव्यात घरासाठी जांभा दगड वापरतात. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे चिरे तासता येतात. उघड्या हवेत राहिल्यावर तो कठीण होत जातो. विटेसारखी भट्टी त्याला लागत नाही. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरमच्या परिसरातील या दगडाचे वर्णन केले, तेव्हापासून भूशास्त्रात त्याचा अभ्यास सुरू झाला. बांधकामात मात्र तो त्याआधी शतकानुशतके वापरात होता.

कोकणातल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाला तोंड देते ते उतरते छप्पर. पूर्वी त्यावर गवत किंवा कुंभाराची नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथली सपाट कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. मंगलोरी कौलाच्या कडेला खोबणी असतात. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसते. खालच्या बाजूला असलेला उंचवटा रिपेवर अडकतो. त्यामुळे खिळा न मारता अख्खे छप्पर शाकारता येते आणि एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर निसटते, पाणी मात्र आत येत नाही. मधूनच एक काचेचे कौल बसवले की माजघरातल्या काळोख्या कोपऱ्यात दिवसभर उजेड पडतो.

देशावर पाऊस कमी आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक मोठा. तिथे भिंती जाड. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंतीत दुपारी शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा गार झालेली असते आणि भिंत पुन्हा निवू लागते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर दिलेले सपाट माळवद असते. ते ऊन अडवते आणि वाळवण घालायला जागाही देते. कोकणातल्या पावसात हेच माळवद टिकणार नाही आणि सोलापूरच्या उन्हात नुसते कौलारू छप्पर तापेल. पुण्यातल्या वाड्याचा चौक घराला उजेड देतो आणि हवाही खेळती ठेवतो. रात्री थंड झालेली जड हवा चौकात उतरून भोवतालच्या सोप्यांत पसरते. दिवसा तापलेली हवा तिथूनच वर निघून जाते.

जाड भिंतीचा उपयोग जागा वाचवायलाही झाला. दिव्यासाठी कोनाडा, कागदपत्रांसाठी फडताळ, धान्यासाठी भिंतीतच बांधलेले बळद, असे साठवणीचे सारे प्रकार भिंतीच्या पोटात बसत आणि खोली मोकळी राही. उतरंडीत मोठ्या मडक्यावर त्याहून लहान मडके चढत जाते. खालच्या मडक्याचे झाकण म्हणजे वरच्याचे बूड. एका मडक्याच्या जागेत पाच-सहा मडकी मावतात. सांगलीजवळच्या हरिपूरला तर साठवणीसाठी इमारतच लागत नसे. तिथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद ठेवत. तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड जगू शकत नाही.

पाण्याच्या बाबतीत हाच हिशेब परसात दिसतो. न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी पाटाने केळी, अळू आणि कर्दळीच्या आळ्यांत सोडतात. या तिन्ही वनस्पतींना पाणी खूप लागते आणि सांडपाण्यातली पोषकद्रव्ये त्या शोषून घेतात. घराचे गटार त्यामुळे परसातच संपते आणि केळफूल, अळूची पाने यांच्या रूपाने स्वयंपाकघरात परत येते. भांडी घासायला राख वापरली जाई तोवर हे पाणी झाडांना निर्धोक होते. आता साबण आणि डिटर्जंट वाढल्याने ते आधी वाळू-खडीच्या थरातून गाळावे लागते.

जुने तत्त्व, नवे बांधकाम

सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू बाहेर पडतो. म्हणून नव्या बांधकामात माल कमी वापरणे हाच पर्यावरणस्नेही रचनेचा पहिला धडा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि १९४५ मध्ये भारतात आलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात तो प्रत्यक्षात आणला. त्यांनी वापरलेल्या ‘रॅट-ट्रॅप बाँड’ पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात. त्यामुळे भिंतीत पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबमध्येही त्यांनी अशीच काटकसर केली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो; तो पोलादी सळ्या पेलतात आणि तिथल्या काँक्रीटचा उपयोग फारसा नसतो. बेकर यांनी त्या जागी जुनी मंगलोरी कौले भरली. काँक्रीट वाचले, छताचे वजन घटले आणि मोडीतल्या कौलांना काम मिळाले. खिडक्यांच्या चौकटीऐवजी विटांची जाळी रचून त्यांनी लाकूड आणि काच दोन्ही वाचवले.

पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी अहमदाबादला ‘संगाथ’ हे आपले कार्यालय बांधताना इमारत काही प्रमाणात जमिनीत उतरवली. तिच्या अर्धगोल छपरांवर फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची मोझाइक आहे. कारखान्यात टाकून दिले जाणारे हे तुकडे ऊन परतवून लावतात, तर जमिनीतला गारवा आतली हवा सौम्य ठेवतो.

वस्तूमागची व्यवस्था

पुन्हा पुन्हा वापरता येणारी वस्तू खरोखर पुन्हा वापरली जाण्यासाठी तिच्यामागे व्यवस्था असावी लागते. मुंबईच्या डबेवाल्यांची सेवा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. घरचा डबा सकाळी निघतो, सायकल, हातगाडी आणि लोकल यांच्या मदतीने कार्यालयात पोचतो आणि रिकामा होऊन संध्याकाळपर्यंत घरी परततो. झाकणावरच्या रंगीत खुणा आणि अक्षरांतून स्टेशन, इमारत आणि मजला कळतो. तोच डबा वर्षानुवर्षे चालतो. आज बाहेरून मागवलेल्या प्रत्येक जेवणाबरोबर प्लास्टिकची खोकी येतात, कारण ती परत नेण्याची व्यवस्था कोणी उभी केलेली नसते. टिकाऊ डबा आणि टाकाऊ खोके यांतला फरक धातू आणि प्लास्टिक एवढाच नाही. परतीच्या फेरीचाही आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे

नैसर्गिक मालाची प्रत्येक वस्तू पर्यावरणस्नेही असते, हा समज चुकीचा आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडला. तापमानवाढीपुरता विचार केला, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यातून दिसले. कापसाच्या शेतीला पाणी, खत आणि जमीन लागते, हे त्यामागचे कारण. अर्थात या हिशेबात नाल्यात तुंबलेल्या किंवा गाईच्या पोटात गेलेल्या प्लास्टिकचा त्रास धरलेला नाही. तरी निष्कर्ष स्पष्ट आहे : प्रत्येक कार्यक्रमात वाटलेली नवी कापडी पिशवी कपाटात साठत असेल तर ती पर्यावरणाचे काही भले करत नाही. जुन्या चादरीची किंवा पडद्याची शिवलेली पिशवी मात्र पहिल्या दिवसापासून फायद्याची, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

चहाच्या मातीच्या कुल्हडचेही असेच आहे. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे आणि दायमाबाद येथे तीन हजार वर्षांपूर्वीची खापरे अजून सापडतात, यावरून तिचा टिकाऊपणा कळतो. एका चहासाठी भट्टी पेटवून भाजलेला कप फेकून देणे आणि तशाच मातीचा माठ काही उन्हाळे वापरणे, यांत मोठा फरक आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पारदर्शकवजा शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असतात. त्यांतून डोळ्यांना न खुपणारा मऊ प्रकाश येतो. पण हा शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे. खाडीत तो ज्या वेगाने वाढतो त्याहून जास्त वेगाने उपसला गेला, तर नैसर्गिक असूनही तो संपणारच. बंब, चूल आणि भट्टी यांचा धूर आणि तो सोसणाऱ्या बायका, कारागीर हाही हिशेबाचाच भाग आहे. सूप विणणाऱ्या बुरडाला किंवा माठ घडवणाऱ्या कुंभाराला पोटापुरते मिळत नसेल, तर ती वस्तू टिकणार नाही.

पारख कशी करावी

कोणत्याही वस्तूची किंवा जागेची पारख करण्यासाठी काही प्रश्न पुरतात. माल जवळचा आहे का आणि तो पुन्हा उगवतो किंवा वितळतो का? वस्तू आपले काम वीज आणि जळण न लागता, ऊन, वारा, उतार, वजन यांच्याच आधारे किती करते? तिचा जो भाग आधी झिजतो तो वेगळा काढून बदलता येतो का? एका वापरानंतर तिला दुसरा वापर आहे का? तिला परत आणणारी किंवा दुरुस्त करणारी माणसे गावात आहेत का? शेवटी ती कुजेल, वितळेल की तशीच पडून राहील? आणि तिचा खर्च दुसऱ्या कोणाच्या फुफ्फुसांवर किंवा मजुरीवर तर पडत नाही ना?

या कसोट्या शहरातल्या सदनिकेलाही लावता येतात. पश्चिमेच्या खिडकीबाहेर वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडला तर ऊन काचेवर पडण्याआधीच अडते. आतल्या बाजूच्या पडद्याने हे साधत नाही, कारण तोवर उष्णता घरात शिरलेली असते. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा फुटक्या फरशांची मोझाइक दिली तर खालची खोली कमी तापते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असल्या तर पंख्याचे काम निम्मे वारा करतो. भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना, ओला कचरा खतासाठी मातीच्या कुंडीत आणि जुन्या साड्यांची गोधडी, एवढे तर भाड्याच्या घरातही जमते. प्रत्येक घरात इरले आणि बंब परत आणण्याची गरज नाही. वस्तू घेण्याआधी ती कुठून आली, कशी चालते आणि शेवटी कुठे जाणार, एवढे विचारण्याची सवय लागली की पर्यावरणस्नेही रचना दुकानात वेगळ्या लेबलाखाली शोधावी लागत नाही.